गाडीतली वीज ग्रिडमध्ये परत जाईल का?

संध्याकाळी साडेसातला लाइट जाते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ४० युनिटची बॅटरी भरलेली इलेक्ट्रिक मोटार उभी असते आणि तिसऱ्या मजल्यावर तिच्याच मालकाच्या घरात अंधार असतो. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला दिवसाला साधारण सहा-सात युनिट लागतात. म्हणजे खाली उभी असलेली वीज त्या घराला पाच दिवस सहज पुरावी. बरे, गाडीतून वीज बाहेर काढता येत नाही असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या नेक्सॉन ईव्हीला किंवा त्याच वर्षी भारतात आलेल्या ह्युंदाई आयोनिक ५ ला अडॅप्टर जोडला की तिच्यावर मिक्सर, लॅपटॉप, दिवे, पंखे चालतात. मग ज्या तारेने ही वीज गाडीत आली, त्याच तारेने ती मीटरमधून मागे का जात नाही? घराला का मिळत नाही, आणि संध्याकाळी सगळ्या शहराची मागणी चढते तेव्हा महावितरणला विकता का येत नाही?

या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे 'चार्जर एकाच दिशेने चालतो, त्यामुळे ते शक्यच नाही'. दुसरे म्हणजे 'आता सगळ्या नव्या गाड्यांना ही सोय आहे'. दोन्ही चूक आहेत. गाडीतला चार्जर वीज परत पाठवू शकतो, आणि जगात काही ठिकाणी तो ती पाठवतोही आहे. अडथळा चार्जरच्या भागांत थोडा आहे आणि त्या भागांबाहेर पुष्कळ आहे: वीज परत देणारी गाडी म्हणजे एक छोटे वीजनिर्मिती केंद्र असते, आणि केंद्राची जबाबदारी कोणी, कोणत्या नियमाने घ्यायची हे ठरल्याशिवाय ती तार उलट्या दिशेने वापरता येत नाही.

चार्जर नेमका कुठे असतो?

पार्किंगच्या भिंतीवर लावलेल्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, पण घरगुती जोडणीत ती पेटी चार्जर नसते. ती वीज सुरू-बंद करते, गळती झाली तर प्रवाह तोडते आणि गाडीला सांगते की या लाइनवरून जास्तीत जास्त इतके अँपिअर घे. खरा चार्जर गाडीच्या आत, बॉनेटखाली किंवा मागच्या भागात बसवलेला असतो. त्यालाच ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. घरातली वीज एसी असते, म्हणजे तिची दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज लागते. हे रूपांतर ऑनबोर्ड चार्जर करतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तो साधारण ३.३ किलोवॉट घेतो, मोठ्या जोडणीवर ७.२ किलोवॉट. महामार्गावरच्या जलद चार्जिंग केंद्रावर मात्र हे रूपांतर बाहेरच्या मोठ्या कपाटात होते आणि तयार डीसी वीज थेट बॅटरीत जाते. तिथे गाडीतल्या चार्जरला काही काम उरत नाही. रूपांतर गाडीत होते की गाडीबाहेर, हा फरक लक्षात ठेवावा. पुढची सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरते.

दिशा ठरवणारा भाग

ऑनबोर्ड चार्जरमध्ये काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात २३० व्होल्टच्या एसीची डीसी होते आणि तिचा दाब साधारण ४०० व्होल्टपर्यंत नेला जातो. हे करताना चार्जर लाइनवरून वीज ओढतो तीही तिच्या चढउताराशी जुळवून, म्हणजे शेजारच्यांच्या उपकरणांना त्रास होत नाही. दुसऱ्या टप्प्यात ही डीसी सेकंदाला लाखाच्या घरात तुकडे पाडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवली जाते, पलीकडे पुन्हा सरळ केली जाते आणि बॅटरीला हव्या त्या दाबाने दिली जाते. हा ट्रान्सफॉर्मर मधे असण्याचे कारण सुरक्षितता हे आहे: बॅटरी आणि घरची लाइन यांच्यात तांब्याच्या तारेचा थेट संबंध राहत नाही, ऊर्जा फक्त चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. आणि तुकडे इतक्या वेगाने पाडतात कारण वेग वाढला की तेवढ्याच ऊर्जेसाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर लहान होतो; नाहीतर तो गाडीत मावला नसता.

या दोन टप्प्यांत जुन्या पद्धतीच्या चार्जरमध्ये डायोड नावाचे भाग असतात. विहिरीवरच्या पंपाला तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, पण पंप बंद पडला तरी खाली उतरू देत नाही. डायोड विजेबाबत नेमके तेच करतो. त्याला कोणी आज्ञा द्यावी लागत नाही आणि आज्ञा देऊन त्याची दिशा बदलताही येत नाही. चार्जरमध्ये असे डायोड असतील तर बॅटरी कितीही भरलेली असो, तिच्यातली वीज त्या वाटेने मागे येणार नाही. सॉफ्टवेअर बदलूनही येणार नाही.

पण डायोडच्या जागी ट्रान्झिस्टर बसवले तर चित्र पालटते. ट्रान्झिस्टर केव्हा उघडायचा आणि केव्हा मिटायचा हे बाहेरून ठरवता येते, त्यामुळे तोच जोड एका क्रमाने उघडझाप केली की एसीची डीसी करतो आणि दुसऱ्या क्रमाने केली की डीसीची एसी. विशेष म्हणजे अभियंत्यांनी डायोड काढायला सुरुवात केली ती वीज परत पाठवण्यासाठी नव्हे, वाया जाणारी वीज वाचवण्यासाठी. प्रत्येक डायोड ओलांडताना सुमारे एक व्होल्ट खर्च होतो. वाटेत एका वेळी दोन डायोड आणि १५ अँपिअर प्रवाह धरला तर ३० वॉट निव्वळ उष्णतेत जातात. सिलिकॉन कार्बाइडचे ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेले तसा हा तोटा टाळणे परवडू लागले आणि पहिला टप्पा जवळपास आपोआपच दुहेरी झाला. दुसऱ्या टप्प्यात बॅटरीच्या बाजूलाही ट्रान्झिस्टर लावले की पूर्ण चार्जर दोन्ही दिशांनी चालतो. खर्च वाढतो, पण दुप्पट होत नाही. आणि मिक्सर चालवून दाखवणाऱ्या गाड्यांत हे काम आधीच झालेले आहे.

ज्यांना हे अजूनही अशक्य वाटते त्यांनी खंडाळ्याचा घाट उतरणारी इलेक्ट्रिक गाडी आठवावी. पाय उचलला की मोटर जनित्र होते आणि तिने तयार केलेली एसी वीज डीसी होऊन बॅटरीत जाते. चढताना हेच यंत्र बॅटरीतली डीसी घेऊन मोटरला एसी देत असते. म्हणजे दोन्ही दिशांनी रूपांतर करणारे, चार्जरपेक्षा कितीतरी पट शक्तीचे यंत्र पहिल्या दिवसापासून प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत आहे. चार्जर एकाच दिशेचा ठेवणे हा कंपनीचा निर्णय असतो, निसर्गाचा नियम नव्हे. कॅलिफोर्नियातल्या एसी प्रोपल्शन या छोट्या कंपनीने तर मोटर चालवणारे तेच ट्रान्झिस्टर गाडी उभी असताना चार्जर म्हणून वापरले, आणि २००२ मध्ये तिथल्या हवा-प्रदूषण मंडळासाठी ग्रिडला वीज देणाऱ्या गाडीचे प्रात्यक्षिक पूर्ण केले. पुढे टेस्लाने आपल्या पहिल्या गाडीसाठी याच कंपनीच्या तंत्राचा परवाना घेतला होता.

चौकट : तीन वेगळ्या गोष्टी
व्हीटूएल म्हणजे गाडीतून थेट उपकरणाला वीज. ग्रिडशी काही संबंध नाही. भारतात आज मिळणारी सोय प्रामुख्याने हीच.
व्हीटूएच म्हणजे गाडीतून घराच्या वायरिंगला वीज. लाइट गेलेली असताना असे करायचे तर घर ग्रिडपासून तोडणारे उपकरण अनिवार्य.
व्हीटूजी म्हणजे ग्रिड चालू असताना, ग्रिडशी जुळवून, मीटरमधून बाहेर वीज. परवानगी, प्रमाणपत्र आणि दोन्ही दिशा मोजणारा मीटर लागतो.

मिक्सर चालवणे वेगळे, ग्रिडला वीज देणे वेगळे

इथे सर्वात मोठा गैरसमज असतो. गाडी मिक्सरला वीज देते तेव्हा त्या छोट्या जगात ती एकटीच असते. व्होल्टेज २३० ठेवायचे, सेकंदाला ५० आवर्तने ठेवायची, हे तीच ठरवते आणि मिक्सर निमूटपणे ते स्वीकारतो. गाडीची आवर्तने थोडी पुढेमागे झाली तरी कोणाचे बिघडत नाही. ग्रिडला जोडल्यावर परिस्थिती उलटी होते. तिथे व्होल्टेज आणि आवर्तने आधीच ठरलेली असतात. देशभरातली शेकडो जनित्रे एका तालात फिरत असतात आणि ग्रिड-नियंत्रक ती आवर्तने ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्यासाठी अहोरात्र झटत असतात. ३.३ किलोवॉटच्या गाडीने तिथे स्वतःचा ताल लावून चालत नाही. तिला आधी तारेवरचे व्होल्टेज या क्षणी कुठे आहे हे मोजावे लागते, त्याच्याशी क्षणाक्षणाला जुळवून घ्यावे लागते आणि मगच त्या लाटेवर आपला प्रवाह ढकलावा लागतो. जुळणी चुकली तर दोन दाबांतल्या फरकामुळे प्रचंड प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो किंवा चार्जर जळतो.

म्हणून मिक्सर चालवणारी गाडी ग्रिडला वीज देऊ शकेलच असे नाही. ट्रान्झिस्टर तेच असले तरी त्यांना चालवणारे नियंत्रण वेगळे लागते. आणि म्हणूनच एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी: दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवून गाडीच्या अडॅप्टरमधली वीज घराच्या सॉकेटमध्ये सोडण्याचा उद्योग जीवघेणा आहे. अशा वायरीचे एक टोक सॉकेटमधून निसटले तर उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. लाइट परत आली तर दोन न जुळलेले स्रोत एकमेकांवर आदळतात. आणि लाइट आली नाही, तर धोका तिसऱ्याच माणसाला असतो.

डीपीवर काम करणारा लाइनमन

गावातला किंवा गल्लीतला डीपी ११ हजार व्होल्टची वीज उतरवून ४०० व्होल्टच्या आसपास आणतो आणि घरांना २३० व्होल्ट मिळतात. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा नसते. घराच्या बाजूने कोणी २३० व्होल्ट आत सोडले तर दुसऱ्या बाजूच्या तारांवर हजारो व्होल्ट उभे राहतात. वरून लाइन बंद केली आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनला ती तार जिवंत मिळते. वीजपुरवठा बंद असलेल्या भागात एखाद्या स्रोताने एकट्याने लाइन चालू ठेवण्याला तंत्रज्ञ आयलँडिंग म्हणतात, आणि ते रोखणे ही ग्रिडला वीज देणाऱ्या प्रत्येक यंत्राची पहिली अट असते. छतावर सौर पॅनेल बसवलेल्या अनेकांना हा अनुभव आहे: बाहेर लख्ख ऊन असते, पण लाइट गेली की त्यांचे सौर इन्व्हर्टरही बंद पडते. तो बिघाड नसतो, ती लाइनमनच्या जिवासाठी केलेली तरतूद असते.

ही तरतूद वाटते तितकी सोपी नाही. लाइन बंद झाल्यावर व्होल्टेज किंवा आवर्तने बिघडली तर यंत्राला ते लगेच कळते. पण गल्लीतली मागणी आणि गल्लीतली निर्मिती योगायोगाने सारखीच असेल तर काहीच बिघडत नाही आणि यंत्र फसू शकते. त्यावर उपाय म्हणून चांगले इन्व्हर्टर मुद्दाम आवर्तनांना बारीकसा धक्का देत राहते. पलीकडे खरा ग्रिड असेल तर एवढ्याशा धक्क्याने तो हलत नाही. नसेल तर आवर्तने पटकन सरकतात आणि यंत्र स्वतःला तोडून घेते. अमेरिकेतल्या आयईईई १५४७ या मानकानुसार हे सगळे दोन सेकंदांच्या आत व्हावे लागते. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे नियम छोट्या निर्मिती केंद्रांच्या ग्रिड-जोडणीसाठी अशाच अटी घालतात. गाडीचा चार्जर ग्रिडला वीज देणार असेल तर त्याने ही परीक्षा उत्तीर्ण व्हायलाच हवी. त्यात सूट मागणे गैर आहे.

रूपांतर गाडीत की भिंतीवर?

आता मुख्य वादाकडे येऊ. वीज परत द्यायचीच असेल तर ती गाडीतल्या चार्जरमधून एसी करून द्यावी, की बॅटरीतली डीसी तशीच बाहेर आणून भिंतीवरच्या यंत्रात एसी करावी? जपानने दुसरा मार्ग धरला. २०११ च्या भूकंपानंतर तिथे वीजटंचाई आली आणि २०१२ मध्ये निसानने लीफ गाडीतून घराला ६ किलोवॉट देणारी जोडणी बाजारात आणली. त्यात निचिकॉन कंपनीची पेटी घराबाहेर असते, गाडीतून डीसी येते आणि रूपांतर त्या पेटीत होते. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-१५० लाइटनिंगमध्ये तर दोन्ही मार्ग एकाच गाडीत दिसतात: गाडीवरच्या सॉकेटना गाडीतलेच इन्व्हर्टर ९.६ किलोवॉटपर्यंत एसी देते, पण घराला वीज द्यायची झाली की डीसी बाहेर येते आणि भिंतीवरचे वेगळे इन्व्हर्टर काम करते.

भिंतीचा मार्ग कंपन्यांना का आवडतो याला सबळ कारण आहे. भिंतीवरचे इन्व्हर्टर जागचे हलत नाही. ते कोणत्या देशात, कोणत्या वीज कंपनीच्या हद्दीत आहे हे कायमचे ठरलेले असते, त्यामुळे सौर इन्व्हर्टरप्रमाणेच त्याची एकदा तपासणी केली की झाले. गाडी मात्र आज एका हद्दीत तर उद्या दुसऱ्या. ग्रिडला वीज देणारे यंत्र चाकांवर फिरत असेल तर त्याने कुठले नियम पाळायचे, आणि ते पाळते आहे याची हमी कोणी द्यायची? आक्षेप रास्त आहे, पण निरुत्तर करणारा नाही. अमेरिकेत एसएई जे३०७२ हे मानक २०१५ पासून याच प्रश्नासाठी आहे: भिंतीवरची पेटी आधी गाडीकडून तिच्या चार्जरचे प्रमाणीकरण तपासते आणि मगच वीज बाहेर सोडण्याची परवानगी देते. पेटी जागेचे नियम सांभाळते, गाडी रूपांतर सांभाळते.

दुसरी अडचण संभाषणाची होती. आजच्या साध्या एसी जोडणीत पेटी आणि गाडी एका बारीक तारेवरच्या संकेतातून बोलतात. सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा तो संकेत किती वेळ चालू राहतो यावरून गाडीला किती अँपिअर घ्यायचे ते कळते. त्यात 'इतके परत दे' म्हणायची सोयच नाही. ती सोय आयएसओ १५११८-२० या आंतरराष्ट्रीय मानकाने २०२२ मध्ये दिली. म्हणजे चार्जर वीस वर्षांपूर्वीच दोन्ही दिशांनी चालत होता, पण सगळ्या कंपन्यांना समजेल अशी सामाईक भाषा अलीकडे तयार झाली.

मला गाडीतल्या चार्जरचाच मार्ग अधिक पटतो, आणि त्याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात विलेट केम्प्टन यांनी स्टीव्हन लेटेंड्रे यांच्यासह १९९७ मध्ये ही कल्पना शोधनिबंधातून मांडली होती. त्याच विद्यापीठातल्या मिनी ई गाड्या २०१३ मध्ये ग्रिडला सेवा देऊन पैसे मिळवू लागल्या, आणि त्यांच्यात एसी प्रोपल्शनचेच, गाडीच्या आत रूपांतर करणारे तंत्र होते. नेदरलँड्समधल्या युट्रेख्त शहरात मार्च २०१९ मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर यांच्या उपस्थितीत रेनॉच्या झोए गाड्यांचा प्रयोग सुरू झाला. त्यांत दोन्ही दिशांचा चार्जर गाडीत होता आणि रस्त्यावरच्या चार्जिंग खांबात थोडेच बदल करावे लागले. रेनॉने पुढे हाच मार्ग नेहमीच्या विक्रीच्या गाडीत आणला: २०२४ मध्ये आलेल्या रेनॉ ५ मध्ये ११ किलोवॉटचा दुहेरी चार्जर आहे आणि फ्रान्समध्ये ठरावीक पेटी व करारासह तो ग्रिडला वीज देतो. भिंतीवरचे डीसी यंत्र प्रत्येक पार्किंगला वेगळे घ्यावे लागते. चार्जर मात्र गाडीबरोबर आधीच विकत घेतलेला असतो आणि घरी, कचेरीत, सोसायटीत सगळीकडे सोबत येतो. जिथे एकेका इमारतीत शंभर-शंभर गाड्या लागतात अशा मुंबई-पुण्यासारख्या शहरांना हा फरक निर्णायक ठरेल.

बॅटरी झिजेल त्याचे काय?

गाडीमालकाचा सर्वात स्वाभाविक आक्षेप हा, आणि शास्त्रज्ञांनीही त्यावर आधी परस्परविरोधी उत्तरे दिली होती. २०१७ मध्ये हवाई विद्यापीठातल्या मॅथ्यू डुबारी यांच्या गटाने दाखवले की रोज पूर्ण शक्तीने वीज परत दिली तर बॅटरीचे आयुष्य लक्षणीय घटते. त्याच वर्षी इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातल्या कोटुब उद्दीन यांच्या गटाने म्हटले की हुशारीने परत दिली तर आयुष्य उलट वाढू शकते. पुढच्या वर्षी या दोघांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला आणि विसंगती उलगडली. बॅटरी दोन प्रकारे झिजते: वापराने आणि नुसती पडून राहण्याने. पूर्ण भरलेल्या अवस्थेत, उष्णतेत पडून राहणे तिला विशेष बाधते. त्यामुळे काहीही विचार न करता रोज उपसा केला तर नुकसान. पण भरलेली बॅटरी थोडी उतरवून मधल्या पातळीवर ठेवली तर पडून राहण्याची झीज कमी होते. परिणाम ठरवते ती वीज केव्हा, किती आणि कोणत्या पातळीवरून घेतली जाते ही बाब. विदर्भाच्या किंवा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे.

सकाळी निघताना बॅटरी रिकामी मिळेल ही भीती मात्र अनाठायी आहे. या व्यवस्थेत मालक किमान पातळी ठरवतो. ४० युनिटच्या बॅटरीला ६० टक्क्यांची मर्यादा घातली तर वरचे १६ युनिटच वापरले जातात आणि खालचे २४ युनिट शाबूत राहतात. शहरातल्या ४० किलोमीटरच्या फेरीला सहा-सात युनिट पुरतात. ज्याची चर्चा कमी होते ती झीज चार्जरची आहे. रोज काही तास चालण्यासाठी बनवलेले यंत्र दिवसरात्र राबवले तर त्यातले कपॅसिटर लवकर थकतात. हमीची मुदत ठरवताना कंपन्या याचाही हिशेब धरतात, आणि त्यांनी तो ग्राहकाला उघड सांगायला हवा.

पैशांचा हिशेब

दुपारी स्वस्त वीज भरायची आणि संध्याकाळी महाग विकायची, असे गणित मांडून अनेकजण मोठ्या कमाईची स्वप्ने दाखवतात. तपासून पाहू. केंद्राच्या जून २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि गर्दीच्या वेळचा दर घरगुती ग्राहकासाठी किमान १.१० पट. सोयीसाठी नेहमीचा दर १० रुपये धरू. दुपारी १० युनिट ८ रुपयांनी घेतले, ८० रुपये झाले. वीज आत जाताना, बॅटरीत राहताना आणि बाहेर येताना मिळून पाचवा हिस्सा उष्णतेत गेला असे धरले तर संध्याकाळी ८ युनिट उरतात. ते ११ रुपयांच्या विजेऐवजी घरात वापरले तर ८८ रुपये वाचतात. सगळा खटाटोप आठ रुपयांसाठी, आणि त्यात बॅटरीची झीज अजून धरलेलीच नाही. शिवाय रात्री घर जेमतेम २०० वॉट घेत असेल तर गाडीची स्वतःची यंत्रणा जागी ठेवायलाच शे-दोनशे वॉट लागू शकतात. मग तोटा पाचव्या हिश्शाहून कितीतरी जास्त होतो. दरांतला फरक आजच्या किमान मर्यादेइतकाच राहिला तर घरगुती ग्राहकाने रोजच्या देवघेवीसाठी या वाटेला जाऊ नये, असेच मी म्हणेन. त्याने गाडी संध्याकाळी सातऐवजी दुपारी किंवा मध्यरात्रीनंतर भरली तर ग्रिडला मोठा दिलासा मिळतो, आणि त्यासाठी नवे यंत्रही लागत नाही.

मग दुहेरी चार्जरचे मोल कशात आहे? दोन गोष्टींत. लाइट गेल्यावर घर चालवणे ही पहिली. वर्षातून मोजके तास का होईना, पण तेव्हा युनिटचा भाव कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट डेलावेअरने दाखवली. त्या गाड्यांनी वीज विकून फारसे काही कमावले नाही. कमाई झाली ती ग्रिडची आवर्तने सावरण्याच्या सेवेची. दर काही सेकंदांनी एक आज्ञा येते, कधी थोडी वीज दे, कधी थोडी घे. दिवसअखेर बॅटरीतली निव्वळ देवघेव लहान राहते, म्हणून झीजही कमी, पण ग्रिडला मात्र तत्काळ हाकेला ओ देणारा आधार मिळतो. सौर आणि पवन वीज वाढत जाईल तशी या सेवेची गरज वाढणार आहे. आकार समजण्यासाठी: घाटघरच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॉट आहे. ३.३ किलोवॉट देणाऱ्या साधारण ७६ हजार गाड्या एकाच वेळी जोडलेल्या असतील तर तेवढी शक्ती उभी राहते, आणि प्रत्येकीने २० युनिट दिले तर ती सहा तास टिकते. त्यासाठी धरण बांधावे लागत नाही, पण ७६ हजार मालकांचा विश्वास मिळवावा लागतो.

आता काय व्हायला हवे?

आपल्याकडे गाडीला रस्त्यावर येण्याआधी प्रमाणपत्र लागते आणि ते देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यातच आहे. गाडीच्या त्या तपासणीतच तिचा चार्जर ग्रिडशी जुळतो का, लाइन गेल्यावर वेळेत तुटतो का, हे एकदाच तपासावे आणि ते प्रमाणपत्र देशातल्या सर्व वीज कंपन्यांनी मान्य करावे. घरोघरी वेगळी चाचणी मागितली तर ही योजना कागदावरच राहील. राज्य वीज नियामक आयोगाने छतावरच्या सौर यंत्रणेसाठी जसे नियम केले, तसे गाडीसाठी करावेत आणि त्यात आवर्तने सावरण्याच्या सेवेला स्वतंत्र मोबदला ठेवावा. नुसत्या युनिटच्या भावावर कोणीही गाडी जोडून ठेवणार नाही. सोसायट्यांनी नवे वायरिंग करतानाच पार्किंगमध्ये दोन्ही दिशा मोजणाऱ्या मीटरची जागा सोडावी, कारण नंतर भिंती फोडणे महाग पडते.

आणि जे आज गाडी घ्यायला निघाले आहेत त्यांनी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. ही गाडी फक्त उपकरणे चालवते की घराला आणि ग्रिडलाही वीज देऊ शकते? ग्रिडला देण्यासाठी लागणारी परीक्षा तिच्या चार्जरने दिली आहे का? आणि तसा वापर केला तर बॅटरीची व चार्जरची हमी कायम राहते का? उत्तरे तोंडी मानू नयेत, कंपनीकडून लेखी घ्यावीत.